किडनी प्रत्यारोपणाआधीचे एचएलए पॅकेज: कोणत्या तपासणीवर पैसे घालावेत, रिपोर्टात काय पाहावे

किडनी द्यायला घरातले कुणी तयार झाले की नेफ्रॉलॉजिस्टच्या चिठ्ठीवर चार नावे येतात: एचएलए टायपिंग, सीडीसी क्रॉसमॅच, फ्लो क्रॉसमॅच आणि डीएसए. एचएलए म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, त्यांवरून शरीर आपले आणि परके ओळखते. टायपिंग या खुणा कोणत्या ते सांगते, बाकीच्या तीन तपासण्या रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्ध अँटिबॉडी आहेत का ते पाहतात. बऱ्याच लॅब या चारही तपासण्या एकत्र पॅकेज म्हणून देतात. घरात चर्चा होते ती 'सहापैकी किती जुळले' याची (ए, बी आणि डीआर या तीन जनुकांच्या प्रत्येकी दोन आवृत्त्या मिळून सहा). शस्त्रक्रिया करायची की नाही हे मात्र पुष्कळदा शेवटच्या तपासणीवर, म्हणजे डीएसएवर ठरते, आणि नेमकी तीच तपासणी एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी विकली जाते. हा आढावा कोणत्याही एका लॅबचा नाही, पॅकेजमधल्या तपासण्यांचा आहे.

टायपिंग आधी घेऊ. एचएलएची जनुके सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर जवळजवळ बसलेली असतात, त्यामुळे ती बहुधा एकगठ्ठा वारशाने येतात: एक संच आईकडून, एक वडिलांकडून. म्हणून आईवडील आणि मुले एकमेकांशी किमान अर्धे जुळतातच. आई दाता असताना 'सहापैकी तीन' आले तर त्यात निराश होण्यासारखे काही नाही, तेच अपेक्षित असते. तीनपेक्षा कमी आले तर नमुन्यांची अदलाबदल झाली का हे आधी तपासावे आणि दोघांचे रक्त पुन्हा घ्यायला लावावे. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, अर्धे जुळण्याची ५० टक्के आणि काहीच न जुळण्याची २५ टक्के. नवराबायकोत शून्य किंवा एक जुळणे अगदी नेहमीचे आहे. टॅक्रोलिमस आणि मायकोफिनोलेट या प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांच्या काळात एवढ्या कारणावरून जोडीदाराला दाता म्हणून नाकारू नये.

टायपिंगच्या रिपोर्टात आकड्यापेक्षा रकाने मोजा. ए, बी आणि डीआर एवढेच तीन असतील तर पैसे अर्धेच वसूल झाले. सी आणि डीक्यूबी१ हवेतच, डीक्यूए१ आणि डीपीबी१ मिळाले तर उत्तम. कारण सरळ आहे: रुग्णाच्या रक्तात डीक्यूविरुद्ध अँटिबॉडी सापडली आणि दात्याचा डीक्यू कुणी पाहिलाच नसेल, तर ती अँटिबॉडी दात्याविरुद्ध आहे की नाही हे सांगताच येत नाही. प्रत्यारोपणानंतर नव्याने तयार होणाऱ्या अँटिबॉडींत डीक्यूविरुद्धच्याच सर्वाधिक आढळतात. टायपिंगची पद्धत एसएसपी, एसएसओ की एनजीएस, यावर किडनीसाठी फार अडून बसायला नको, मध्यम रिझोल्यूशन (म्हणजे मध्यम बारकावा) बहुतेकदा पुरते. बोनमॅरोचे गणित वेगळे. तिथे ए, बी, सी, डीआरबी१ आणि डीक्यूबी१ हे पाचही हाय रिझोल्यूशनने लागतात, म्हणजे नुसते 'ए२४' चालत नाही, 'ए*२४:०२' असे लिहिलेले हवे.

सीडीसी ही यातली सगळ्यात जुनी तपासणी. १९६९ साली पटेल आणि तेरासाकी यांनी लॉस एंजेलिसहून आकडे मांडले. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असूनही प्रत्यारोपण केलेल्या ३० पैकी २४ किडन्या लगेच निकामी झाल्या होत्या, तर निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी फक्त ८. पद्धत आजही तीच आहे. दात्याच्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशींवर रुग्णाचे सीरम (रक्तातला पेशींविना द्रव) घालतात, मग सशाचे कॉम्प्लिमेंट (अँटिबॉडी चिकटलेली पेशी मारणारी प्रथिने), मग रंग, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या पेशी मोजतात. १० टक्क्यांपर्यंत निगेटिव्ह, २० च्या पुढे पॉझिटिव्ह, मधल्या पट्ट्यात शंका.

तिचा दोष असा की अँटिबॉडी भरपूर असल्याशिवाय ती बोलत नाही. सीडीसी निगेटिव्ह ही किमान अट समजा, त्यावर निश्चिंत होऊ नका. उलट बाजूने, ती खोटी पॉझिटिव्हही येते. रक्त जुने असेल किंवा फ्रिजमध्ये ठेवले असेल तर पेशी आधीच मेलेल्या असतात. रुग्णाच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या निरुपद्रवी आयजीएम प्रकारच्या अँटिबॉडीही पेशी मारतात, म्हणून डीटीटी (आयजीएम निष्क्रिय करणारे रसायन) घालून तपासणी पुन्हा करतात. डीटीटीने निकाल निगेटिव्ह झाला तर दोष बहुधा आयजीएमचा. रिपोर्टात टी आणि बी पेशी (लिम्फोसाइटचे दोन प्रकार) वेगळ्या, डीटीटीसह आणि डीटीटीविना, असे चार आकडे टक्क्यांत हवेत. नुसते 'निगेटिव्ह' असे एका शब्दात लिहिले असेल तर तपशील मागून घ्या.

फ्लो क्रॉसमॅच बरीच अधिक संवेदनशील आहे. पेशी मेली की नाही हे ती पाहत नाही, पेशीला आयजीजी प्रकारची अँटिबॉडी चिकटली का एवढेच पाहते. आधी बाळंतपण, रक्त चढवणे किंवा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णात ती वगळू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. बी पेशींवर मात्र तिचा गोंधळ होतो. रिटक्सिमॅब (बी पेशी नष्ट करणारे औषध) दिलेले असेल तर ते औषधच बी पेशीला चिकटते आणि निकाल पॉझिटिव्ह दिसतो. एटीजी (लिम्फोसाइट कमी करणारे औषध) दिल्यावर टी आणि बी दोन्हींत तसेच घडते. प्रोनेज नावाचे एन्झाइम वापरून बी पेशींची पार्श्वभूमी कमी करता येते, पण ते जास्त झाले तर एचएलएचे रेणूही कापले जातात. त्यामुळे अशी औषधे दिलेली असतील तर तारखेसह रिक्विझिशन फॉर्मवर लिहा. हा रकाना बहुतेक वेळा रिकामा जातो आणि चांगला दाता विनाकारण बाद होतो.

आता डीएसए, म्हणजे दात्याविरुद्धची अँटिबॉडी. स्वस्त पद्धतीत दात्याच्याच पेशी फोडून त्यांतले एचएलएचे रेणू (यांनाच अँटिजेन म्हणतात) सूक्ष्म मण्यांवर पकडतात आणि त्यावर रुग्णाचे सीरम सोडतात. हिला लायसेट पद्धत किंवा ल्युमिनेक्स क्रॉसमॅच म्हणतात. दात्याचेच अँटिजेन वापरले जाते ही तिची जमेची बाजू. पण ती क्लास एक (ए, बी, सी) आणि क्लास दोन (डीआर, डीक्यू, डीपी) एवढेच सांगते, नेमका कोणता अँटिजेन ते सांगत नाही, आणि डीक्यू व डीपीच्या बाबतीत ती कच्ची आहे. दुसरी सिंगल अँटिजेन बीड, म्हणजे एसएबी. तिच्यात प्रत्येक मण्यावर एकच अँटिजेन असतो आणि क्लास एक व क्लास दोनचे संच वेगळे असतात. चारांत बहुधा सगळ्यात महाग हीच, आणि धोका असलेल्या रुग्णात पैसे घालावेत तर हिच्यावरच. बिलावर नुसते 'डीएसए' छापलेले असते, म्हणून नमुना देण्याआधीच विचारा: लायसेट की सिंगल अँटिजेन? लायसेटचा निगेटिव्ह रिपोर्ट एसएबीचा समजून पुढे जाणे ही आमच्या मते या संपूर्ण पॅकेजमधली सर्वांत धोकादायक चूक आहे.

एसएबीही निर्दोष नाही. अँटिबॉडी फारच जोरदार असेल तर कॉम्प्लिमेंट मण्यावर थर धरते आणि आकडा उलट कमी दिसतो. यालाच प्रोझोन म्हणतात. सीरमला ईडीटीएची प्रक्रिया केली किंवा ते १:१० पातळ केले की खरा आकडा वर येतो. दुसरे म्हणजे मण्यावर चिकटवताना काही रेणूंचा आकार बिघडतो आणि आतला भाग उघडा पडतो. त्याविरुद्धची अँटिबॉडी खऱ्या किडनीला काही करत नाही, पण रिपोर्टात दिसते. तिसरे म्हणजे बीडब्ल्यू४ सारखा भाग अनेक मण्यांवर असला की अँटिबॉडी त्यांत वाटली जाते आणि प्रत्येकावर थोडीथोडीच दिसते. बऱ्याच लॅब एमएफआय (मण्याच्या चकाकीचा आकडा, जास्त म्हणजे अँटिबॉडी जास्त) १००० ही रेषा धरतात, पण ती सर्वमान्य नाही. रिपोर्टात प्रत्येक मण्याचा एमएफआय मागा. नुसता 'डीएसए नाही' हा शेरा पुरेसा नाही.

पत्नीला पतीची किंवा आईला मुलाची किडनी द्यायची असेल तेव्हा एसएबीवर काटकसर करूच नका. गरोदरपणात पतीकडून बाळात आलेल्या एचएलएविरुद्ध आईच्या शरीरात अँटिबॉडी तयार झालेल्या असू शकतात. वर्षांनी त्यांचे प्रमाण घटते, पण स्मृतिपेशी उरतात आणि त्या कोणत्याच क्रॉसमॅचमध्ये दिसत नाहीत. म्हणून बाळंतपणे आणि गर्भपात यांची नोंद फॉर्मवर हवी. रक्त चढवल्यानेही अशा अँटिबॉडी तयार होऊ शकतात, म्हणून डायलिसिसवर हिमोग्लोबिन कमी झाले की शक्यतो एरिथ्रोपोएटिन (हिमोग्लोबिन वाढवणारे इंजेक्शन) आणि लोहाने भागवावे, रक्ताची पिशवी अगदीच गरज असेल तेव्हा.

नमुन्यांकडे लक्ष द्या, बरेच घोटाळे तिथेच होतात. टायपिंगसाठी जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी लागते, हेपरिनची चालत नाही, कारण हेपरिन पीसीआर (टायपिंगसाठी डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) अडवते. क्रॉसमॅचला दात्याचे रक्त एसीडी किंवा सोडियम हेपरिनमध्ये द्यायचे, खोलीच्या तापमानाला ठेवायचे आणि शक्यतो २४ तासांत लॅबमध्ये पोहोचवायचे. बर्फाच्या डब्यात घालू नका. रुग्णाचे सीरम लाल झाकणाच्या साध्या नळीत, डायलिसिस सुरू होण्याआधी घ्यावे. जिल्ह्याच्या गावातून नमुना कुरियरने जाणार असेल तर शनिवारी देऊ नये. रक्त चढवले असेल तर त्यानंतर दोन ते तीन आठवड्यांनी अँटिबॉडी पुन्हा तपासाव्या लागतात, आधीचा निगेटिव्ह रिपोर्ट धरून चालत नाही. शस्त्रक्रियेच्या तोंडावर शेवटची क्रॉसमॅच ताज्या सीरमवरच हवी.

लॅब निवडताना एनएबीएलचा (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेचा) शिक्का पाहून थांबू नका, तिच्या मान्यतेच्या यादीत नेमकी हीच तपासणी आहे का ते पाहा. नमुना तिथेच तपासला जातो की दुसऱ्या शहरात जातो, आणि शंका आल्यास सही करणारे तज्ज्ञ नेफ्रॉलॉजिस्टशी फोनवर बोलतात का, हेही विचारा.

निकाल पॉझिटिव्ह आला तरी दार बंद होत नाही. टी पेशींची सीडीसी खऱ्या आयजीजीमुळे पॉझिटिव्ह असेल तर तो दाता त्या स्थितीत वापरू नये. पण दोन कुटुंबांनी दात्यांची अदलाबदल करणे, म्हणजे स्वॅप, अवयव प्रत्यारोपण कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीनंतर मान्य आहे. फक्त एसएबीत कमी एमएफआय असेल आणि दोन्ही क्रॉसमॅच निगेटिव्ह असतील, तर जोखीम समजून घेऊन बरेच जण पुढे जातात. त्यांना प्रत्यारोपणानंतरही एसएबी करत राहावी लागते, आणि ती पहिल्याच लॅबमध्ये, त्याच कंपनीच्या किटवर करावी, कारण एका किटवरचे ३००० आणि दुसऱ्यावरचे ३००० एकमेकांशी ताडता येत नाहीत.