सैगलची सही आणि ७५ नवे पैसे

गेली वीसेक वर्षं मी जुन्या नटनट्यांच्या सह्या जमवतोय. मी नवशिका नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे "आम्ही नसतो बाबा फसलो" असं म्हणणारे जरा थांबतील. मीही तेच म्हणायचो.

गेल्या पावसाळ्यात एका ओळखीच्या पोस्टरवाल्याकडून एका तरुणाचा फोन आला. दादर पूर्वेला चहाच्या टपरीवर भेटलो. "काका, आमचे आजोबा रणजित स्टुडिओत लाइटमन होते. वही विकायची नव्हती, पण आईचं ऑपरेशन आलंय." रणजित स्टुडिओ तिथून चालत जाण्याइतका जवळ. गायक-नट सैगलचे 'भक्त सूरदास' आणि 'तानसेन' हे सिनेमे रणजितचेच, १९४२-४३ सालचे. गोष्ट चोख बसत होती. फारच चोख बसत होती, हे मला घरी येऊनही कळलं नाही.

वही तळहाताएवढी. गुलाबी, पिस्ता, पिवळी पानं, वर तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं, उघडली की ट्रंकेचा वास. पहिल्या पानावर कुंदनलाल सैगल, खाली १९४५. पुढे नर्गिस, बलराज साहनी, गुरुदत्त, मधुबाला. सोबत त्यानेच छापून आणलेलं 'अस्सलतेचं सर्टिफिकेट'. त्यावर गोल शिक्काही होता. विकणाऱ्याने स्वतःच दिलेल्या सर्टिफिकेटची किंमत त्या कागदाएवढीच, हे मी चार जणांना शिकवलेलं आहे. तरी ५५ हजारांवरून घासाघीस करत ३८,००० वर आणलं आणि वर स्वतःलाच शाबासकी दिली.

शिवण सैल झाली होती म्हणून दोन महिन्यांनी वही गिरगावातल्या एका म्हाताऱ्या बाइंडरकडे नेली. त्यांनी तपकिरी कव्हर उतरवलं, मागचा पुठ्ठा चष्म्याजवळ नेला आणि विचारलं, "साहेब, ही वही कधीची म्हणालात?"

पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात बारीक छापलं होतं : किं. ७५ न. पै.

नवे पैसे आपल्याकडे आले १ एप्रिल १९५७ ला. त्याआधी रुपये-आणे-पै. १९६४ मध्ये 'नवे' गेलं, नुसते 'पैसे' राहिले. म्हणजे वही या सात वर्षांतली, फार तर मागे उरलेल्या मालातली. सैगल गेला १८ जानेवारी १९४७ ला, जालंधरमध्ये. देशाचं स्वातंत्र्यसुद्धा त्याने पाहिलं नाही. त्याने या वहीत १९४५ ला सही केली!

तिथूनच त्या तरुणाला फोन लावला. तो जराही गडबडला नाही. "काका, जुनी पानं नंतर नव्या पुठ्ठ्यात बांधली असतील." खोटं कशाला बोलू, मला हे पटलं. पटायला हवंच होतं, ३८ हजार अडकले होते. बाइंडरनी मात्र काही न बोलता पानांची घडी उघडून उजेडासमोर धरली. घडीवर भोकं मोजून तीन, आणि तिन्हींतून दोरा गेलेला. "पुन्हा बांधली असती तर जुनी भोकं दिसली असती. हिच्यात दोरा एकदाच ओवलाय."

घरी येऊन भिंग काढलं. आधी का नाही काढलं, असं बायकोने विचारलं. त्याला उत्तर नव्हतं. मधुबालाच्या पानावर एक आडवी मोड आहे. सहीची रेघ त्या मोडीवरून जाते तिथे शाई मोडीत पसरलेली, केसासारखे फाटे फुटलेले. कागद आधी मोडला, वर्षानुवर्षं जुना झाला, आणि सही नंतर झाली. सही आधीची असती तर मोडीवर शाई तुटली असती, पसरली नसती. बाकीच्या सह्यांतही रेघ एकसारख्या जाडीची, मध्येच पेन टेकवून थांबल्याचे ठिपके. आपण सही करतो तेव्हा हात पळतो. नक्कल करणाऱ्याचा हात चालतो.

पण मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. माझ्या आईची १९६२ ची सह्यांची वही घरात आहे. तिच्यात एका अभिनेत्रीच्या सहीशेजारी हेडमास्तरांची सही आहे, शाईचा डाग समोरच्या पानावर उमटलाय, कुणी तिरकं लिहिलंय, एका मैत्रिणीने चारोळी खरडलीय. खऱ्या वहीत अशी सटरफटर माणसं असतातच. माझ्या वहीत पाच पानं, पाच सितारे, प्रत्येक सही बरोब्बर मधोमध.

आणि सैगल घातला नसता तर? बाकी चौघं त्या सात वर्षांत हयात होते. गुरुदत्त गेला ऑक्टोबर १९६४ मध्ये, मधुबाला १९६९ मध्ये. आज मी तीच वही कौतुकाने लोकांना दाखवत बसलो असतो. माझ्यासारखी हाव त्या विकणाऱ्यालाही आवरली नाही.

तेव्हापासून सही शेवटी बघतो, आधी कागद. मीनाकुमारी गेली ३१ मार्च १९७२ ला, पिनकोड आला त्याच वर्षी १५ ऑगस्टला. म्हणून तिने सही केलेल्या फोटोच्या पाठीवर स्टुडिओच्या शिक्क्यात जुन्या टपाल विभागाचं 'मुंबई १४' हवं, 'मुंबई ४०० ०१४' असेल तर फोटो परत करा. प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत फोटोपेपर सत्तरच्या दशकात रुळला, त्यावर मधुबालाची सही मिळत असेल तर सोडून द्या. फोटोतच छापलेल्या सह्याही खूप फिरतात; भिंगाखाली शाई कागदावर बसलेली न दिसता फोटोचाच भाग दिसते. हॉलिवूडमध्ये तर जीन हार्लोच्या सह्या तिची आईच करायची, आणि त्याही विकल्या जातात.

पोलीस चौकीत विचारलं, "वस्तू हातात घेऊन, बघूनच घेतलीत ना?" तक्रार लिहून घेतली, पुढे काही नाही. त्याचा नंबर बंद आहे.

मागच्या महिन्यात एक संग्राहक मित्र घरी आला. सगळी हकिकत ऐकून म्हणाला, "सैगलचं पान फाड आणि मला दे. वीस हजारांना खपवतो." मी चहा केला, विषय बदलला. तो गेल्यावर वही काढली आणि पाचही पानांवर, सहीच्या अगदी खाली, 'खोटी' असं लिहिलं. पेन्सिलीने नाही, शाईने.