गिम्पमध्ये बरफ बनवणं : उन्हाळाभर वापरून झाल्यावर सांगतो

गिम्प म्हणजे फोटोशॉपसारखं चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर, त्यात दुकानाच्या बोर्डासाठी बरफाची अक्षरं कशी बनवायची ते सांगतो. आधीच सांगून टाकतो, हे पुण्या-मुंबईच्या एजन्सीवाल्यांसाठी नाही. ज्यायचं काम माझ्यासारखं आहे त्यायच्यासाठी आहे, म्हणजे तालुक्याच्या गावात एक गाळा, एक कॉम्प्युटर, पासपोर्ट फोटो, लग्नपत्रिका, पोट्ट्यायच्या वाढदिवसाचे बॅनर, आन् ऊन तापलं की रसवंती, लस्सी, कुल्फी, बरफगोल्याचे फ्लेक्स. घाटंजीकडे (यवतमाळ जिल्हा) मार्च संपला की पारा चाळिशी पार करते, मे मध्ये तं कधी कधी ४५ च्या घरात जाते, आन् प्रत्येक गाडीवाल्याला बोर्डावर बरफ पाहिजे. "अक्षरं गोठलेली दिसली पाहिजे भाऊ, पाहूनच गार वाटलं पाहिजे." आतापर्यंत नेटवरच्या रेडिमेड पीएनजी चित्रांवर भागत होतं, पण एकाच चौकात तीन गाड्या आन् तिन्हीवर तोच निळा तुकडा, त्याच कोनात. म्हणून दिवाळीनंतर गिम्प ३.० टाकलं आन् बरफ घरीच बनवायला घेतला.

ज्याले माहीत नाही त्याच्यासाठी, गिम्प पूर्ण फुकट आहे, क्रॅक-बिकची भानगड नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबॉल आन् पीटर मॅटिस, हे सुरू केलं होतं, तेव्हापासून जगभरातले लोक ते फुकटात सांभाळून राहिले. २.१० आलं २०१८ ला आन् ३.० आलं मार्च २०२५ ला, मधात सात वर्षं. ३.० चा मुख्य फायदा बरफाच्या कामात लगेच समजते. फिल्टर (चित्रावर परिणाम देणारं साधन) लावला की तो लेअरवर (एकावर एक ठेवलेल्या चित्राच्या पानावर) तसाच राहतो, नंतर कधीही उघडून आकडा बदलता येते. बरफ म्हणजे सगळा अंदाजाचा खेळ, ब्लर (धूसरपणा) थोडा जास्त झाला की मेण दिसते, कमी झाला की फुटलेली काच, त्यामुळे मागं जाऊन एखादाच आकडा हलवता येणं ही लई मोठी सोय आहे. तरी प्रत्येक टप्प्याला लेअरची एक कॉपी काढून ठेवायची सवय मी सोडली नाही, सगळेच फिल्टर तसे राहत नाहीत.

आता नेटवरच्या रेसिपीचं. बहुतेक फोटोशॉपच्या आहेत आन् सगळ्या सारख्याच. अक्षरं टाका, क्रिस्टलाइज (चित्राचे कोनेदार तुकडे) मारा, नॉइज (बारीक ठिपके), ब्लर, कर्व्ह्ज (उजेड-अंधार कमी-जास्त), मग चित्र ९० अंशात फिरवून विंड (कडा वाऱ्यानं ओढल्यासारख्या करणारा फिल्टर) मारा म्हणजे खाली सुळे लोंबते, परत सरळ करा, निळा रंग चढवा. गिम्पमध्ये क्रिस्टलाइज त्या नावानं नाही, पण फिल्टर्समध्ये रेंडर, त्यात नॉइज, त्यात सेल नॉइज आहे, त्यानं तसेच कोनेदार तुकडे पडते. त्याच्यावर सॉलिड नॉइज (ढगासारखे डाग) ओव्हरले मोडमध्ये, म्हणजे खालच्यात मिसळून, ठेवला की तुकडे एकसारखे राहत नाही, कुठं दाट कुठं विरळ होते. विंडचं मात्र गिम्पमध्ये फोटोशॉपपेक्षा बरं आहे, इथं दिशा वर-खाली पण निवडता येते, चित्र फिरवायची गरजच नाही. रंगासाठी कलराइज (पूर्ण चित्राला एकच रंग चढवणारा). फोटोशॉपच्या रेसिपीत ह्यू (रंगाचा आकडा) १९८ वगैरे लिहिलेलं असते आन् गिम्पची पट्टी ० ते १ अशी असते, तिथं १९८ टाकायला गेलं तर घेतच नाही. ३६० नं भागायचं, १९८ चे ०.५५ होते. एवढं एक कोणी लिहून ठेवलं असतं तर माझी एक संध्याकाळ वाचली असती.

रेसिपी जशीच्या तशी केली की काहीतरी पांढरं-निळं तयार होते. एका रसवंतीवाल्या काकाजीले मोबाइलवर दाखवलं तर ते म्हणे, "हे बरफ होय? मले तं बोंडं फुटलेली दिसून राहिली." खरंच होतं, पऱ्हाटीत कापूस फुटल्यासारखा भुसभुशीत पांढरा थर. बाहेरदेशी छपरावर भुसभुशीत बरफ साचते तसं झालं, इकडं ते कोणी पाहिलेलं नाही. इकडं बरफ म्हणजे कारखान्यातली लादी, गोल्याचा किस, आन् नाहीतर गारा. गारांचं तर नावच नको, फेब्रुवारी-मार्चमध्ये गहू-हरभरा झोपवून जाते. एका कृषी केंद्रवाल्यानं कूलरच्या जाहिरातीतले पांढरे गोळे पाहून सरळ काढायला लावले, म्हणे शेतकरी माणूस गारपीट समजून पुढं निघून जाईल.

मग मी काकाजीच्या गाडीवरच लादी नीट पाहिली. भुशातून काढून पाणी मारलं की समजते. कडा अगदी साफ, आरपार दिसते, आन् मधात दुधाळ पांढरा पट्टा. कारखान्यात डबे मिठाच्या थंड पाण्यात बुडवलेले असते, पाणी बाहेरून आत गोठत जाते, गोठतानी त्यातली हवा आन् क्षार आत ढकलत नेते, शेवटी मधात सगळं कोंडते आन् तो भाग पांढरा होते. बुडबुडे पण गोल नसते, लांबुळके असते, कडेकडून मधाकडं तोंड करून, बारीक सुयांसारखे. आन् निळा? एवढ्या लादीत निळा दिसतच नाही. बरफ लाल उजेड थोडासा शोषून घेते म्हणून निळा दिसते, पण त्यासाठी मीटरच्या मीटर जाडी लागते, हिमनदीसारखी. गाडीवरचा बरफ बिनरंगी, जे मागं आहे तेच त्यात वाकडं-तिकडं होऊन दिसते. तरी बोर्डावर निळा द्यावाच लागते, नाहीतर गिऱ्हाईक म्हणते हा तं प्लास्टिक आहे. मी निळा फक्त कडेच्या सावलीत ठेवतो, मधात पांढरा-राखाडी.

सगळ्यात कामाची गोष्ट इथंच सापडली. लादीच्या मागं काळं कापड धरायचं, सावलीत, बाजूनं उजेड येईल असं, आन् साध्या मोबाइलनं जवळून फोटो काढायचा. तो फोटो गिम्पमध्ये अक्षरांच्या वर ठेवून मोड स्क्रीन केला की काळं सगळं उडून जाते आन् फक्त चिरा, बुडबुडे, चमक राहते. सेल नॉइजमध्ये कितीही डोकं लावा, त्याले ते येत नाही. तोच फोटो काळा-पांढरा करून, थोडा ब्लर मारून, डिस्प्लेसमध्ये (चित्र सरकवणारा फिल्टर) नकाशा म्हणून वापरायचा. त्यात मधला राखाडी असते तिथं काही हलत नाही, पांढरा एकीकडं ढकलते, काळा दुसरीकडं. म्हणजे अक्षराच्या मागं उसाच्या कांड्या किंवा लिंबाची चकती असली तर ती बरफातून पाहिल्यासारखी सरकते. बरफ खरा वाटते तो याच्यानं. आकडा मात्र कमी ठेवा, जास्त झाला की पाण्यात पडलेलं दिसते. बुडबुडे वाढवायचे असले तर ब्रश लांबट करून, जिटर (ठिपके इकडं-तिकडं विखुरणं) वाढवून, कडेकडून मधाकडं हलक्या हातानं, पांढरा, ओपॅसिटी (ठळकपणा) एकदम कमी.

कडेची चमक बम्प मॅपनं (उठाव दाखवणारा फिल्टर) येते, नकाशा म्हणून अक्षरांचीच ब्लर केलेली कॉपी द्यायची. उजेड कुठून येते हे एकदा ठरवा आन् पूर्ण बोर्डात तेच ठेवा, नाहीतर अक्षर डावीकडून चमकते आन् ग्लास उजवीकडून, आन् पाहणाऱ्याले काय खटकते ते सांगता येत नाही पण खटकते.

आता मराठीचं, जे कोणत्याच व्हिडिओत नाही. तिकडची सगळी उदाहरणं इंग्रजी मोठ्या अक्षरांवर आहेत, प्रत्येक अक्षर सुटं, खाली जागाच जागा. आपल्याला वर शिरोरेषा. विंड फिल्टर शिरोरेषेच्या खालच्या कडेलाही सुळे काढते आन् ते अक्षराच्या पोटात घुसते. 'लस्सी' चा स्स म्हणजे नुसता गुंता होऊन जाते. आन् वरून बरफाचा थर ठेवला की अनुस्वार त्यात गडप. 'थंडा रस' चं 'थडा रस' झालं, ते छापायच्या आधी दिसलं म्हणून ठीक. आता मी असं करतो, अक्षरांचा फक्त खालचा भाग, पाय आन् उकार, तेवढा वेगळ्या लेअरवर घेऊन विंड फक्त त्याच्यावर मारतो, अनुस्वार आन् वेलांट्या-मात्रा शेवटी परत वरून बसवतो, त्यायच्यावर चमक द्यायची पण थर द्यायचा नाही. शिरोरेषेवर मात्र थर मस्त बसते, सरळ सपाट जागा आहे, इंग्रजीला ते भाग्य नाही. फॉन्ट जाड आन् गोल कोपऱ्याचा घ्या, मी बलू वापरतो, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे, वितळत्या बरफाचे कोपरे तसेच गोल असते. गिम्पमध्ये युनिकोड मराठी नीट उमटते, जोडाक्षरं तुटत नाही, ही मोठीच गोष्ट. ज्यायचं सगळं काम जुन्या, युनिकोड नसलेल्या श्रीलिपी फॉन्टवर आहे त्यायनं अक्षरं कोरलमधून (कोरलड्रॉ) चित्र म्हणून आणावी, नाहीतर नुसते चिन्हं दिसतील.

छपाईचं. स्क्रीनवर जो झगझगीत निळा दिसते तो फ्लेक्सवर कधीच येत नाही, मशीन सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाया) छापते, तो निळा त्या शाईत नाहीच, उतरते तेव्हा मेलेला दिसते. गिम्पमध्ये अजूनही सीएमवायकेमध्ये थेट काम करता येत नाही, पण ३.० मध्ये छापल्यावर कसं दिसेल ते प्रूफ कलर्स चालू करून पाहता येते आन् जेपेग किंवा टिफ एक्स्पोर्ट करतानी सीएमवायके निवडता येते. प्रेसवाल्याकडून त्याची प्रोफाइल (मशीनच्या रंगांची फाइल) मागा, दिली तर नशीब. मी आता निळ्याच्या भरवशावर राहतच नाही, मागचा रंग एकदम गडद घेतो, जांभळट निळा किंवा हिरवा, आन् बरफ पांढऱ्या-काळ्याच्या फरकावर उभा करतो. उन्हात वर्षभर टांगलेला बोर्ड फिका पडला तरी तो फरक टिकते.

साइज हे दुसरं दुखणं. १० बाय ४ फुटाचा बोर्ड ७२ डीपीआयला (एका इंचात ७२ ठिपके) ८६४० बाय ३४५६ पिक्सेल, म्हणजे जवळपास ३ कोटी पिक्सेल. त्याच्यावर पाच-सहा लेअर आन् जिवंत फिल्टर ठेवले की माझं ८ जीबी रॅमचं मशीन धापा टाकते, एक ब्लर हलवला की चहा पिऊन या. त्यामुळे बरफ अर्ध्या साइजवर बनवतो आन् शेवटी मोठा करतो, रस्त्याच्या त्या बाजूनं पाहणाऱ्याले काही फरक पडत नाही. उलट फार बारीक चिरा लांबून दिसतच नाही, चिरा मोठ्या आन् थोड्याच ठेवा.

तक्रारी आहेतच. आपोआप सेव्ह होत नाही. गिम्प स्वतः बंद पडलं तर कधी कधी फाइल परत मिळते, पण लाइन गेली तर गेलं ते गेलं. इकडं एप्रिल-मे मध्ये दुपारी लाइनचा काय भरवसा, यूपीएस नसला तर याच्या नादी लागू नका, आन् असला तरी कंट्रोल एस ची सवय लावा. सेव्ह केलं की एक्ससीएफच (गिम्पची स्वतःची फाइल) होते, जेपेगसाठी वेगळं एक्स्पोर्ट, नवीन माणूस इथंच चिडते. अक्षरांची मांडणी, फोन नंबर, नेत्यांचे गोल फोटो याच्यासाठी मी अजून कोरलच उघडतो, गिम्पमध्ये ते करणं म्हणजे उगाच त्रास.

बाटलीवरच्या थेंबांचं थोडक्यात, कारण तो वेगळाच विषय आहे. सगळे थेंब एका मापाचे काढू नका, वर बारीक, खाली मोठे, एखादा घरंगळलेला आन् त्याच्या वाटेतले थेंब पुसलेले. चमकेचा ठिपका उजेडाच्या बाजूला द्या आन् त्याच्या उलट बाजूची आतली कड उजळ ठेवा, थेंब भिंगासारखा उजेड पलीकडं गोळा करते. उजळ कड दिली नाही तर मग ते बटण दिसते.

एआयनं मोबाइलवर बरफ लवकर निघते आन् खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा बरा निघते. पण मराठी अक्षरं मी मागितली तेव्हा मात्रा कुठंच्या कुठं जाऊन बसल्या. नुसता बरफ त्यातून घेऊन अक्षरं गिम्पमध्ये, असं माझ्या ओळखीतले दोघं-तिघं करून राहिले, चालते तेही. मी करत नाही कारण गिऱ्हाईक म्हणते "थोडा अजून वितळलेला कर नं", आन् गिम्पमध्ये ते एका आकड्याचं काम आहे.

टाकायचं असलं तर विंडोज १० तरी पाहिजे ३.० साठी. दुकानात अजून विंडोज ७ असलं तर २.१० घ्या, वर सांगितलेलं बरफाचं सगळं त्यात होते, फक्त फिल्टर मागं जाऊन बदलता येत नाही आन् छपाईचं सीएमवायके एक्स्पोर्ट धरू नका, ते प्रेसवाल्याले करू द्या.