मातीशिवाय झाडं लावताना कुंडी केवढी घ्यावी: काही महिन्यांच्या वापरानंतर

थंडी सुरू झाली तेव्हापासून घरातली जवळजवळ सगळी झाडं मी मातीशिवाय वाढवते आहे. काही कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (भाजून फुगवलेल्या ज्वालामुखी काचेचे पांढरे, हलके दाणे) यांच्या मिश्रणात, काही लेकात, म्हणजे भाजून फुगवलेल्या मातीच्या गोळ्यांत. कुंड्या मुद्दाम वेगवेगळ्या मापांच्या घेतल्या. अगदी छोट्या जाळीच्या कुंडीपासून 20 सेंटिमीटर व्यासाच्या खोल कुंडीपर्यंत. मनी प्लांटच्या एकाच वेलाची कटिंग्ज या वेगवेगळ्या मापांत लावली, कारण तुलना कुंडीची व्हायला हवी होती, झाडाझाडातल्या फरकाची नाही. थंडी गेली, उन्हाळा झाला, आता हवा दमट आहे. एवढ्या वापरानंतर माझं मत पक्कं झालंय: मातीशिवाय लावताना कुंडीची रुंदी मुळांकडे बघून ठरवावी आणि खोली माध्यमाकडे, म्हणजे मातीऐवजी कुंडीत जे भरतो त्याच्याकडे बघून. त्यातही जास्त लक्ष खोलीकडे द्यावं. दुकानात आपण नेमकं उलटं करतो, तोंडाचा व्यास मोजतो आणि उंची जी मिळेल ती घेतो.

खोलीवर माझा एवढा भर का, ते सांगते. कुंडीला भरपूर पाणी घातलं, जादाचं पाणी तळाच्या भोकांतून गेलं, ठिबकणंही थांबलं, तरी तळाशी एक थर पूर्ण भिजलेला राहतो. कणांमधल्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात, ते आपणहून खाली उतरत नाही. या थराची उंची ठरते ती कणांच्या आकारावर. माध्यम बारीक असेल तर थर जाड, भरड असेल तर पातळ. कुंडी उंच आहे की बुटकी, याच्याशी त्या थराला काही देणंघेणं नसतं. समजा एखाद्या मिश्रणात हा थर 4 सेंटिमीटरचा आहे. 8 सेंटिमीटर खोल कुंडीत लावलं तर निम्मी कुंडी चिंब. तेच मिश्रण 16 सेंटिमीटर खोल कुंडीत भरलं तर फक्त पाव कुंडी चिंब, बाकी भागात पाणीही आणि हवाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर भांडी घासायचा लांबट स्पंज घ्या. पाण्यात पूर्ण बुडवा, आडवा धरून अलगद बाहेर काढा आणि ठिबकणं थांबेपर्यंत तसाच धरा. आता न पिळता उभा करा. पुन्हा पाण्याची धार लागते. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. मी हे सिंकवर करून बघितलं तेव्हा उभ्या स्पंजातून निघालेलं पाणी बघून थक्क झाले होते. तळाशी खड्यांचा किंवा विटांच्या तुकड्यांचा थर दिला की निचरा सुधारतो असं सर्रास सांगितलं जातं. त्याने भिजलेला थर नाहीसा होत नाही, तो खड्यांच्या वर सरकतो आणि मुळांना मिळणारी खोली तेवढी कमी होते. माझ्या एकाही कुंडीत आता खडे नाहीत. भोकं मोठी असतील तर जाळीचा एक तुकडा पुरतो.

कोकोपीटच्या कुंड्यांत हा फरक सगळ्यात ठळक दिसला. दोन कुंड्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एक पसरट, 18 सेंटिमीटर व्यासाची आणि 7 सेंटिमीटर खोल. दुसरी 12 सेंटिमीटर व्यासाची आणि 16 सेंटिमीटर खोल. हिशेब केला तर दोन्हींत माध्यम जवळपास सारखंच मावतं, 1.8 लिटरच्या आसपास. खिडकी एक, खत एक, कटिंग्ज एकाच वेलाची. पसरट कुंडी वरून कोरडी दिसायची, पण बोट खोल घातलं की खाली चिखलासारखं ओलं. थंडीत तिच्यावर ती बारीक काळी चिलटंही घोंगावू लागली, कारण त्यांच्या अळ्यांना अशी कायमची ओल लागतेच. वेल मेला नाही, पण नवी पानं आधीच्यापेक्षा लहान येत गेली आणि खालची एकेक पिवळी पडत गेली. उंच कुंडीतल्या वेलाने मात्र थंडी ओसरताच पेरागणिक मोठं पान काढलं. पुढे दोन्ही उपसून बघितल्या. पसरट कुंडीतली मुळं वरच्या तीनेक सेंटिमीटरमध्ये आडवी पसरलेली, खालची टोकं तपकिरी आणि बोटांनी ओढली की साल निघून आतला दोरा हातात येणारी. उंच कुंडीत पांढरी, टणक मुळं तळापर्यंत उतरलेली.

लेकात मात्र गणित फिरतं. गोळे मोठे असल्यामुळे त्यांच्यातल्या पोकळ्या मोठ्या, त्यामुळे पाणी धरून ठेवणारा थर अगदी पातळ. म्हणून तर तळाशी मुद्दाम पाण्याचा साठा ठेवतात, उंचीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश. इथे अडचण उलटी आहे: पाणी वर चढेल का? 8 ते 16 मिलिमीटरच्या नेहमीच्या गोळ्यांत ओल साठ्यापासून काही सेंटिमीटरच वर येते, मग विरत जाते. खोल कुंडीत वरचे गोळे कायम कोरडे राहतात आणि नुकतं रुजलेलं कटिंग नेमकं तिथेच बसलेलं असतं. माझ्या 20 सेंटिमीटरच्या कुंडीतलं कटिंग कितीतरी आठवडे जागचं हललं नाही. कुंडी पारदर्शक होती म्हणून कळलं: छोटी पांढरी मुळं खाली ओलीच्या दिशेने निघायची आणि कोरड्या पट्ट्यात टोक वाळून थांबायची. त्यानंतर मी आठवड्यातून दोन-तीनदा वरून पाणी ओतायला लागले, मुळं ओलीपर्यंत पोचली आणि मग वेलाने मागे वळून पाहिलं नाही. शेजारच्या लहान कुंडीतल्या कटिंगला वरून पाणी द्यायची कधी गरजच पडली नाही. तेव्हा लेकात सुरुवात लहान आणि उथळ कुंडीत, आणि मुळं साठ्यात उतरली की मोठ्या खोल कुंडीत. कोकोपीटमध्ये उथळ कुंडी त्रास देते, इथे नवख्या कटिंगला तीच सोयीची.

युरोपात रुजलेल्या हायड्रोकल्चर पद्धतीत, म्हणजे असे गोळे आणि तळाशी पाण्याचा साठा ठेवून झाडं वाढवण्याच्या पद्धतीत, बाहेरच्या भांड्यात बसणाऱ्या आतल्या कुंड्यांची मापं 13/12, 15/19, 18/19 अशी लिहितात. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा उंचीचा. व्यास वाढतो, पण उंची ठरावीकच राहते आणि पाण्याची पातळी दाखवणारी नळी त्या उंचीनुसार मिळते. हे वाचल्यावर मला बरं वाटलं, कारण ही मापं ठरवणाऱ्यांनीही उंचीला व्यासाइतकाच मान दिलाय.

आता रुंदीबद्दल. मोठी कुंडी घेतली की रिपॉटिंगची कटकट वाचते, हा विचार मोह घालतो. पण व्यास थोडा वाढला तरी आतलं माध्यम किती वाढतं ते बघा. त्याच प्रमाणातल्या आकाराची कुंडी 10 वरून 12 सेंटिमीटर झाली तर माध्यम 1.7 पट होतं. 10 वरून 15 झाली तर जवळपास 3.4 पट. झाड तेवढंच, पिणारी मुळं तेवढीच आणि भिजलेलं कोकोपीट तिप्पट.

मोठी कुंडी वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. 2012 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हेंड्रिक पोर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 65 अभ्यास एकत्र करून बघितलं, तर कुंडीचं आकारमान दुप्पट झालं की झाडाचं वजन सरासरी 43 टक्क्यांनी जास्त भरत होतं. मुळांना जागा हवीच. पण घराच्या कोपऱ्यात झाडाला प्रकाश कमी असतो, प्रकाश कमी म्हणून ते पाणी कमी पितं, आणि न प्यालेलं पाणी कोकोपीटमध्ये बसून राहतं. त्यामुळे माझा नियम असा: कोकोपीटमध्ये एका वेळी व्यास 2 ते 4 सेंटिमीटरनेच वाढवायचा. खिडकीला लागून असलेल्या, जोमाने वाढणाऱ्या झाडाला चार, आतल्या खोलीतल्या झाडाला दोन. लेकात इतकं जपावं लागत नाही, कारण गोळ्यांमध्ये हवा राहतेच, फक्त वरचा भाग कोरडा राहतो का तेवढं बघायचं.

कुंडी मोठी झाली की नाही हे ओळखायला मला सगळ्यात कामाला आला तो स्वयंपाकघरातला वजनकाटा. पाणी घालून निथळल्यावर वजन करायचं, मग दर दोन दिवसांनी. बारा सेंटिमीटरच्या कुंडीतलं निम्मं पाणी आठवड्याभरात उडतं, कडक उन्हाळ्यात त्याआधीच. मोठ्या पसरट कुंडीचा काटा दोन आठवडे उलटले तरी जेमतेम हलायचा. निम्मं पाणी जायला दहा-बारा दिवसांहून जास्त लागत असतील, तर कोकोपीटसाठी ती कुंडी त्या झाडाला, त्या जागेवर मोठी आहे असं मी धरते. उलट एका दिवसाआड पाणी मागायला लागली तर लहान झाली. बोट खुपसून अंदाज घेण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं आहे, कारण वरचा थर फसवतो.

झाडाझाडात फरक आहेच. स्नेक प्लांट आणि झीझी यांचे कंद आडवे पसरतात, त्यांना तोंडाने रुंद कुंडी लागते, पण त्यांना ओल सोसत नाही, म्हणून त्यांच्या मिश्रणात मी परलाइट निम्म्याहून जास्त घालते. झीझीचे कंद मऊ प्लास्टिकची कुंडी अक्षरशः फुगवतात, भिंती बाहेर आल्या की समजायचं वेळ झाली. पीस लिली घट्ट कुंडीत खुशाल राहते. मॉन्स्टेराला मात्र खोली आणि रुंदी दोन्ही द्यावी लागते, त्याची मुळं बोटाएवढी जाड होतात.

जाळीच्या कुंडीबद्दल एक गोष्ट विकत घेण्याआधीच माहीत असलेली बरी. मुळं जाळीतून बाहेर येतात ही तिची खुबी: हवेत आलेलं टोक वाळतं, मागून फुटवे येतात आणि मुळं गोल गोल फिरून गुंडाळत नाहीत. पण बाहेर पाण्याचं भांडं असेल तर टोकं वाळत नाहीत, ती पाण्यात वाढत जातात आणि जाळी कात्रीने कापल्याशिवाय झाड निघत नाही. म्हणून पुढे मोठ्या कुंडीत हलवायचं हे नक्की असेल तर मी साधी, तळाला आणि बाजूला खाली भोकं असलेली गुळगुळीत कुंडी निवडते. बाहेरचं भांडं आतल्या कुंडीपेक्षा दोन बोटं रुंद असावं, म्हणजे पाण्याची पातळी दिसते आणि धुवायला कुंडी सहज उचलता येते.

धुणं महत्त्वाचं, आणि कुंडी जितकी लहान तितकं लवकर. मातीशिवायच्या माध्यमात अन्न सगळं आपण घातलेल्या खतातूनच येतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. छोट्या साठ्यात ते भराभर दाट होतात. वरच्या गोळ्यांवर पांढरी खरवड धरायला लागते, पानांची टोकं करपतात. माझ्या सगळ्यात छोट्या जाळीच्या कुंड्यांना दर दोन आठवड्यांनी साध्या पाण्याने खळखळून धुवावं लागतं, 15 सेंटिमीटरच्यांना महिन्यातून एकदा पुरतं. फिरती आणि धावपळीची माणसं असतील त्यांनी याच कारणासाठी अगदी छोट्या कुंड्या टाळाव्यात.

कोकोपीट काही महिन्यांत खाली बसतं. काठापर्यंत भरलेल्या कुंडीत आता वर दोन बोटं जागा झालीय. बसलेल्या माध्यमात मोठ्या पोकळ्या कमी होतात, म्हणजे तो तळाचा ओला थर उंच होतो आणि वरची खोली घटते, दोन्ही बाजूंनी नुकसान. त्यामुळे कुंडी निवडताना मला हवी त्यापेक्षा थोडी खोलच घेते, आणि मिश्रणात भरड परलाइट सढळ हाताने घालते. उंच, अरुंद कुंडी परलाइटमुळे हलकी होते आणि वर मोठं झाड असलं की कलंडते, तिला जड चिनी मातीच्या भांड्यात उभी करते.

सध्या रोजच्या वापरात माझ्याकडे 12 सेंटिमीटर व्यासाच्या, 14 ते 16 सेंटिमीटर खोल कुंड्याच सगळ्यात जास्त आहेत, कोकोपीटसाठी. लेकातल्या नव्या कटिंगला 8 ते 10 सेंटिमीटर खोलीच्या. 20 सेंटिमीटरची खोल कुंडी फक्त मॉन्स्टेराकडे आहे, आणि पसरट कुंडीत आता स्नेक प्लांट आहे, निम्म्याहून जास्त परलाइट घालून. त्याला बाजूने दोन नवे कोंब फुटले आहेत.