ओढ्यातले विरळ क्रेफिश: घडीचा सापळा एक हंगाम वापरल्यावर

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात क्रेफिशचा (गोड्या पाण्यातला, कोळंबीसारखा पण नांग्यांचा जीव) हंगाम मेच्या पहिल्या सोमवारी उघडतो आणि ३१ ऑक्टोबरला संपतो. यंदा हंगामभर मी दोन तोंडांचा, घडी होणारा जाळीचा सापळा वापरला. तोही कॅस्केड डोंगररांगेच्या पायथ्याशी एका थंड, लहानशा ओढ्यात, जिथे रात्रीत दोन मिळाले तरी खूप. तळ्यातले भरगच्च सापळे पाहून खरेदी करणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

पहिले तीन आठवडे काहीच आलं नाही. मी सापळा उथळ धारेत टाकत होतो, तिथे तो नीट टेकतही नव्हता. क्रेफिश वासाच्या मागाने येतो आणि वास पाण्याबरोबर खाली वाहतो, म्हणजे तो येणार खालून वर. मग सापळा डोहाच्या वरच्या टोकाला, संथ पाण्यात, एक तोंड खालच्या अंगाला करून ठेवायला लागलो. आत दोन जड दगड. त्याच आठवड्यात पहिला मिळाला: नांगीच्या सांध्यावर पांढरट ठिपका, इथला मूळचा सिग्नल क्रेफिश.

आमिष ताजंच हवं. कुजक्या मासळीपेक्षा सामन (सॅमन) माशाचं ताजं डोकं कितीतरी सरस ठरलं. ते भोकं पाडलेल्या डबीत घाला. उघडं ठेवलं तर पहिलाच आलेला फडशा पाडतो आणि आमिष संपलं की आल्या वाटेने निघूनही जातो. म्हणून सापळा संध्याकाळी टाकून पहाटेच उचलायचा. सापळ्यात येतात ते बहुतेक मोठे नर, त्यामुळे त्यावरून ओढ्यात एकूण किती आहेत याचा अंदाज बांधू नका.

खरं सांगायचं तर जिथे क्रेफिश कमी, तिथे बत्ती आणि हातजाळं सापळ्याच्या पुढे गेलं. कोकणात लहानपणी रात्री खेकडे धरायचो, तीच सवय कामी आली. अंधार पडल्यावर तो दगडाखालून बाहेर येतो. जाळं त्याच्या मागे धरायचं आणि समोरून काडी दाखवायची. शेपटी मारत तो उलटा उडतो, तो थेट जाळ्यात. हाताने धरायचा तर नांग्यांच्या मागे, पाठीवरून. उलटलेला दगड होता तसाच परत ठेवा, ते त्याचं घर आहे.

परवाना लागत नाही, पण सव्वातीन इंचांहून लहान असलेले आणि अंडी किंवा पिल्लं पोटाशी धरलेल्या माद्या सोडाव्याच लागतात. अशा ओढ्यात मी त्याहून कडक राहतो: एका डोहातून हंगामात दोनच, आणि मादी कुठलीही असो, परत पाण्यात. सप्टेंबरनंतर ओढ्यात उतरत नाही, कारण तेव्हा सामन त्याच खडीत अंडी घालतात.

सापळ्याची चेन ऑगस्टमध्ये तुटली, आता सुतळीने बांधतो. जाळी मात्र शाबूत आहे. पुढच्या मेमध्ये तो फक्त खालच्या मोठ्या डोहात टाकणार, वरच्या अंगाला बत्तीच.