चलन खरं, भरणा खोटा : पीएफच्या नावाखाली होणारी लूट

अंबडमधलं फॅब्रिकेशनचं एक युनिट, 26 कामगार. पीएफ, ईएसआयसी (कामगार राज्य विमा), प्रोफेशनल टॅक्स, कामगार कल्याण निधी, सगळं एका लेबर कन्सल्टंटकडे. दर महिन्याला तो व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा पाठवायचा, मालक त्याच्या खात्यावर पैसे टाकायचे आणि पंधरा तारखेच्या आत चलनाची पीडीएफ यायची. कामगारांच्या पगारपत्रकावर कपात रीतसर. अकरा महिन्यांनी एका वेल्डरने घरातल्या लग्नासाठी पीएफ काढायला पासबुक उघडलं, तर त्यात एक रुपयाही जमा नाही.

गोम चलनातच असते. पीएफच्या पोर्टलवर ईसीआर फाइल, म्हणजे कामगारांची नावं आणि रकमांची महिन्याची यादी, चढवली की टीआरआरएन या ओळख क्रमांकासह चलन तयार होतं, आणि ते पैसे भरण्याच्या आधीच. म्हणजे हातातला कागद अस्सल असू शकतो, भरणा मात्र शून्य. दुसरी चलाखी जास्त बेरकी. 26 पैकी 14 जणांचीच नावं फाइलमध्ये घालायची, तेवढेच पैसे खरोखर भरायचे आणि पीडीएफवरचा आकडा बदलून पाठवायचा. 15,000 पगारावर कामगाराचे 12 टक्के, मालकाचे 12, विमा आणि प्रशासन खर्चाचा प्रत्येकी अर्धा टक्का धरला तर माणशी 3,750 रुपये होतात. 26 जणांचे 97,500, चौदांचे 52,500. उरलेले 45,000 दर महिन्याला कन्सल्टंटच्या खिशात. या युनिटमध्ये दोन्ही चाललं होतं: आधी काही नावं गाळली, मग भरणाच थांबवला.

इतके दिवस कळलं कसं नाही? कारण लॉगिनला मोबाइल आणि ईमेल दोन्ही कन्सल्टंटचे. ओटीपी त्याला, नोटीसही त्यालाच.

बदलत्या कायद्याची भीती इथे कामी येते. 21 नोव्हेंबर 2025 पासून 29 जुन्या कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता लागू झाल्या, आणि मूळ पगार व महागाई भत्ता मिळून एकूण मोबदल्याच्या निम्मा तरी असावा अशी व्याख्या आली. लगेच ‘साहेब, नवीन कोडमुळे पीएफ वाढला’ म्हणून जास्तीचा आकडा. पण ज्यांचा पीएफ आधीच 15,000 च्या मर्यादेवर कापला जातो, त्यांची रक्कम या व्याख्येने वाढत नाही. ‘कोड रजिस्ट्रेशन’च्या नावाने कुणी फी मागितली, तर कोणत्या कलमाखाली ते लेखी मागा. बहुतेकांचा फोन त्यानंतर येत नाही.

तपासणीला दहा मिनिटं लागतात. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ संघटनेच्या, साइटवर टीआरआरएन टाकून स्थिती बघा. ‘पेमेंट कन्फर्म्ड’ दिसलं नाही तर भरणा झालेला नाही. तिथेच ‘एस्टॅब्लिशमेंट सर्च’मध्ये युनिटचा पीएफ कोड क्रमांक टाकला की महिनावार रक्कम आणि सभासदसंख्या दिसते. ती हजेरीपटाशी ताडून बघा. दोन कामगारांना त्यांचं पासबुक मोबाइलवर उघडायला सांगा, मालकाने पोर्टलवर केलेल्या तपासणीपेक्षा हीच पडताळणी पक्की. ईएसआयसीची चलनंही अशीच तपासावीत. तिथे कामगाराचे 0.75 आणि मालकाचे 3.25 टक्के; आजारपणाच्या भत्त्यासाठी सहा महिन्यांच्या अंशदान काळात 78 दिवसांची वर्गणी लागते. ती भरलेली नसेल तर आजारी पडलेल्या कामगाराला हक्काचा भत्ता नाकारला जातो.

‘मी तर पैसे दिले होते’ हा बचाव पीएफ कार्यालयात चालत नाही. मुद्दल पुन्हा भरावं लागतं, वर वर्षाला 12 टक्के व्याज आणि महिन्याला 1 टक्का दंड. शिवाय मार्च 2026 पर्यंतच्या काळातला कामगाराचा वाटा पीएफच्या मुदतीनंतर भरला असेल, तर आयकरात त्या खर्चाची वजावट कायमची गेली. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने हे पक्कं केलं. पगारातून कापून न भरणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा ठरू शकतो, आणि नोटीस येते ती मालकाच्या नावावर.

म्हणून पैसे कन्सल्टंटच्या खात्यात टाकूच नका. चलन त्याने बनवावं, भरणा मात्र युनिटच्या नेटबँकिंगमधून थेट व्हावा. लॉगिनचा मोबाइल मालकाचा आणि ईमेल युनिटचा. कन्सल्टंटचं बिल वेगळं, फक्त त्याच्या कामाचं.

उघडकीला आल्यावर आधी पासवर्ड, मोबाइल आणि ईमेल बदला, मगच त्याला जाब विचारा. उलट केलं तर फाइल्स हातच्या जातात. व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप, बँकेच्या नोंदी आणि सगळ्या पीडीएफ एकत्र ठेवा, राहिलेल्या महिन्यांचे ईसीआर भरायला घ्या आणि पोलिसांत लेखी तक्रार द्या. ‘पुढच्या महिन्यात भरतो’ म्हणत तो पुढच्या तारखेचा चेक देईल; तो घेतला तरी तक्रार थांबवू नका.