एम.ए. राज्यशास्त्र: पुणे की मुंबई?

भाचीने जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याहून फोन केला. "मामा, दोन्हीकडे नंबर लागेल असं वाटतंय. कुठे जाऊ?" रँकिंगच्या यादीत दोन्ही विद्यापीठं कधी वर, कधी खाली, त्यावरून काही ठरत नाही.

पुण्याच्या राज्यशास्त्र विभागाचं नाव निवडणूक अभ्यासासाठी. राजेंद्र व्होरा, सुहास पळशीकर हे अभ्यासक इथलेच. महाराष्ट्राचं राजकारण, जात, पक्ष यांत रस असेल तर मराठीत लिहिलेलं भरपूर साहित्य इथल्या माणसांनी दिलंय. जयकर ग्रंथालयात दिवस कसा जातो कळत नाही. धोका एकच: निम्मे मित्र सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीला बसलेले असतात. बघता बघता आपणही तिथेच!

मुंबई विद्यापीठ 1857 चं, पुण्याचं 1949 चं. पण जुनेपणावर जाऊ नका. मुंबईच्या विभागाच्या नावातच 'नागरिकशास्त्र आणि राजकारण' आहे, आणि मंत्रालय, विधान भवन त्याच शहरात. विद्यापीठाचं कलिना संकुल कुर्ल्याजवळ, म्हणजे भुसावळ-जळगावहून कुर्ला टर्मिनसला येणारी गाडी सोयीची. पुण्याला मनमाड-दौंडचा फेरा, नाहीतर रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये मान अवघडलेली.

खर्चाचं मात्र हॉस्टेलवर अवलंबून. ते मिळालं नाही तर मुंबईत खोलीभाडंच घरच्यांचा घाम काढतं. पेपर मराठीत लिहायचे असतील तर आधी विभागात विचारून घे, असं तिला बजावलं.

माझं मत पुणे. ताई म्हणते मुंबई, कारण डब्यातली कळण्याची भाकरी गाडीत शिळी व्हायच्या आत पोचते.