अॅल्युमिनियमच्या पाइपला मॅग्नेट चिकटला आणि मी बघत उभा होतो

1,01,500 रुपये, गाडीच्या कामात एका माणसाने मला फसवून घेतलेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी अजून 70 हजारच सांगितलेत आणि कुठेतरी खरं लिहिलं पाहिजे.

काम साधं नव्हतं हे मान्य. माझ्या टर्बो पेट्रोल गाडीचा इंटरकूलर (टर्बोने दाबून तापलेली हवा गार करणारी जाळी) इंजिनच्या डोक्यावर बसवलेला, खालून इंजिनची धग आणि वरून बोनेट, गाडी ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं उभी राहिली की कसला इंटरकूलर, तवाच तो. 1 बार बूस्टला (टर्बोने वाढवलेला दाब) 25 डिग्रीची हवा टर्बोतून बाहेर पडताना शंभरच्या वर तापलेली असते, ती गार झाली नाही की नॉकिंग, म्हणजे पेट्रोल आपोआप भडकून इंजिनात ठोके, मग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि गाडी मेल्यासारखी चालते. म्हणून इंटरकूलर पुढे, बंपरच्या मागे आणायचा होता. पण थ्रॉटल बॉडीचं (इंजिनात हवा सोडणारी झडप) तोंड मागे फायरवॉलकडे, म्हणजे केबिनच्या भिंतीकडे, पुढून आलेला पाइप तिथे वळवायला जागाच नाही. म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरना हवा वाटणारा भाग) कापायचा, तोंड पुढे फिरवायचं आणि आर्गॉन वेल्डिंग मारायचं.

हे काम करणारा माणूस ओळखीतून मिळाला. फसवणारा अडाणी असतो असा माझा समज होता, तो इथेच मार खाल्ला. पाइपच्या टोकाला बीड (उठवलेली कडा) हवी, साधे क्लॅम्प चालणार नाहीत, जास्त घट्ट आवळणारे टी-बोल्टच लागतील, शेवटी हवा भरून गळती बघायची प्रेशर टेस्ट, हे सगळं मी विचारायच्या आधी त्यानेच सांगितलं. मला वाटलं सापडला बाबा कोणीतरी जाणकार. जाणकार होताच, त्याशिवाय कुठे काय लपवायचं ते कसं कळेल.

हिशोब असा होता: इंटरकूलर 32,000, अॅल्युमिनियम पाइप 18,500, मॅनिफोल्ड कापून वेल्डिंग 22,000, सिलिकॉन कपलर (पाइप जोडणारे नळीचे तुकडे) आणि क्लॅम्प 7,500, ट्यूनिंग (ईसीयूची सेटिंग बदलणं) 15,000. झाले 95,000. यातले 60,000 आधी. पुढचं तुम्हाला सांगायला नको, माल अडकला, वेल्डर गावाला गेला, अजून 20,000 द्या, मग 15,000, आणि काम संपलं म्हणताना वर 6,500 'गॅसचे'. कसला गॅस विचारलं नाही मी. गाडी खोलून पडलेली असते, मॅनिफोल्डचे दोन तुकडे बाकावर दिसत असतात, तेव्हा समोरच्याशी भांडायची हिंमत होत नाही हो. ज्यांना वाटतंय मी मूर्ख आहे त्यांनी स्वतःची उघडी गाडी दुसऱ्याच्या शेडमध्ये ठेवून बघा.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मला रात्री झोप लागत नाही. पाइप बसवताना मी तिथेच होतो. त्याच्याकडे तो वर्कलाइट असतो ना, मागे मॅग्नेटवाला, तो. त्याने बंपरच्या आत वाकून दिवा लावला आणि दोन्ही हात मोकळे केले. दिवा पाइपला चिकटून राहिला. चांगल्या चंदेरी, गुळगुळीत, 18,500 च्या 'अॅल्युमिनियम'च्या पाइपला! मी बघत होतो. बघत काय, उजेड जरा डावीकडे हवा होता म्हणून मीच तो दिवा उचलून परत त्याच पाइपवर टक् करून लावला. तो टक् आवाज अजून कानात आहे. शाळेतल्या पोराला कळेल की मॅग्नेट अॅल्युमिनियमला चिकटत नाही, आणि मी नऊ वर्षं स्वतःच्या गाडीचं ऑइल स्वतः बदलणारा, मला नाही कळलं. त्याच्या आदल्या दिवशी पाइप हातात घेतला तेव्हा जड लागला होता, तर म्हणाला, "जाड गेजचा आहे साहेब, आयुष्यभर बघायला नको." मी खूश.

लोखंडी पाइपवर गाडी चालत नाही असं नाही, चालते, नीट केलेला असेल तर वर्षानुवर्षं चालते. पण हा सायलेन्सरचा पाइप होता, वरून चंदेरी रंग, आतून गंज, आणि टोकाला बीड नाहीच. बीड म्हणजे काय फार मोठी गोष्ट नाही. पण अडीच इंची पाइपवर 1 बारला सुमारे 32 किलोचा जोर जोड उघडायला बघत असतो, कडा नसेल तर कपलर सटकणारच. कपलर बसवण्याआधी टोकावर बोट फिरवून बघा, फुकट आहे.

पहिले चार दिवस मी हवेत. पाय सोडला की फुस्स आवाज यायचा, मित्रांना बसवून फिरवलं मी. तो आवाज जोडातून हवा सुटल्याचा होता. हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी, त्यामुळे सुटलेल्या हवेचंही पेट्रोल पडत होतं, मागे काळा धूर. आणि उभी असताना आरपीएम वरखाली. फोन केला तर म्हणे ईसीयू शिकतोय, 500 किलोमीटर चालवा. कोणी 'ईसीयू शिकतोय' म्हणाला तर गाडी जागेवर उभी करा. मी चालवली ना. 340 किलोमीटरला इंजिन खडखडायला लागलं.

दुसऱ्या मेकॅनिकने उघडलं. मॅनिफोल्डच्या तेलकट कास्टिंगवर न साफ करताच वेल्डिंग मारलेलं, त्यामुळे सगळीकडे भोकं, आणि भोकांवर मेटल पुटी फासून ग्राइंडर फिरवलेला. फ्लँज (इंजिनला टेकणारी सपाट कड) उष्णतेने 0.4 मिमी वाकलेली. आत ग्राइंडरचा चुरा तसाच, पुटीचे तुकडे सुटून तिसऱ्या सिलिंडरमध्ये गेलेले. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) बाकी तिघांचं 160 ते 165 पीएसआय, तिसऱ्याचं 90. इंटरकूलर जुना, आत दुसऱ्याच कुणाच्या तरी फुटलेल्या टर्बोचं तेल. आणि 15,000 चं ट्यूनिंग? ईसीयू वाचला तर कंपनीची फाइल जशीच्या तशी. इंजिनच्या कामाचे वेगळे 88,400.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची ते बघा. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते, दुसऱ्या दिवशी साहेब होते पण जेवायला गेलेले, तिसऱ्या दिवशी भेटले तर म्हणाले हा दिवाणी मामला आहे, आपसात मिटवा. मी पाइप घेऊन गेलो होतो, मॅग्नेट लावून दाखवला, तर म्हणतात, "मग पाइप दिलाय ना त्याने?" बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, यात फसवणूक कुठे. इन्शुरन्सवाल्यांना फोन केला तर उलट तेच चवताळले, मॉडिफिकेशन आम्हाला कळवलं का, नाही, मग विषय संपला. ग्राहक तक्रारीला गेलो तर पक्कं बिल आणा. माझ्याकडे काय, वहीचं पान, त्यावर 'काम - 60,000' आणि खाली एक वेटोळं. बाकीचे 41,500 तर तोंडीच. प्रत्येक वस्तू, तिचं मटेरियल, तिची किंमत बिलावर लिहून घ्या, तो नाराज झाला तर होऊ दे, चांगला वेल्डर यावर नाराज होत नाही. प्रेशर टेस्ट आपल्या डोळ्यांसमोर, टर्बोच्या तोंडाला टोपी लावून 15 ते 20 पीएसआय भरायचं आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी, बुडबुडे आले की पैसे थांबवा. मॅनिफोल्ड बसवण्याआधी आतून धुतलेला बघा, टॉर्च मारून बघा, बोट घालून बघा.

त्याचा फोन अजून चालू आहे. माझा उचलत नाही, मित्राच्या नंबरवरून केला तर "बोला साहेब, कुठली गाडी आहे?"

पोलीस ठाण्यातून निघताना एकजण हळूच म्हणाला, एकट्याचं कोणी ऐकत नाही, तीन-चारजण मिळून आलात तर अर्ज घ्यावा लागेल. तेव्हा कुणी पुढे इंटरकूलर बसवून घेतला असेल आणि पाइप चंदेरी, गुळगुळीत, जरा जड असतील, तर आज घरी गेल्यावर मॅग्नेट लावा. चिकटला तर कोणाकडून करून घेतलं ते मला कळवा, मी अर्ज लिहून ठेवलाय, खाली सह्यांची जागा सोडून.